गाडी थरथरतेय, पण कशाच्या तालावर?

मुरगूड सोडून मुधाळ तिट्ट्याच्या दिशेला निघालेली जुनी ओम्नी पन्नासच्या पुढे गेली की सीटखालून बारीक थरथर सुरू होते. आधी दोष रस्त्याला दिला जातो आणि तो खपूनही जातो. गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी रस्त्याची जी दशा केलेली असते, तिच्यात कुठली गाडी सुखाने चालेल? मग एक चांगला डांबरी पट्टा लागतो. थरथर तशीच. डॅशबोर्डवरचा गणपती डोलायला लागतो, मागच्या सीटवरचा स्टीलचा डबा किणकिणतो आणि कुणीतरी म्हणतं, "गाडी कायतर बोलाय लागल्या."

ती बोलतेच आहे. पण बहुतेक लोक ऐकून घ्यायच्या आधीच पाने काढतात, नाहीतर आवाज ऐकू येऊ नये म्हणून गाणी मोठ्याने लावतात.

हा रस्ता निवडायला कारण आहे. निपाणीहून मुरगूड, मुधाळ तिट्टा, राधानगरी, दाजीपूर आणि मग फोंडा घाट उतरून कोकण, ही इकडच्या माणसांची नेहमीची वाट. मुरगूडच्या आसपास गाडी बिघडली तर फारशी काळजी नसते. इकडे निपाणी, तिकडे गारगोटी, दोन्हीकडे गॅरेजं आणि स्पेअरची दुकानं आहेत. राधानगरी मागं पडली की चित्र बदलतं. दाजीपूरचं अभयारण्य गव्यांसाठी नावाजलेलं आहे, रस्त्याला वस्ती विरळ आहे, फोनची रेंज भरवशाची नाही, आणि पुढे घाटाचा उतार. तिथे अंधारात गाडीखाली आडवं होण्यापेक्षा निदान सपाटीवर, उजेडात, चहाची टपरी हाकेच्या अंतरावर असताना केलेलं बरं.

सुरुवातीला एक गोष्ट पक्की माहीत हवी: आपल्या गाडीत इंजिनाची ताकद कोणत्या चाकांना जाते? ॲम्बॅसॅडर, पद्मिनी, जीप, ट्रॅक्स, सुमो या सगळ्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या. (सुमो हे नाव टाटांच्या सुमंत मुळगावकरांच्या नाव-आडनावातल्या पहिल्या अक्षरांवरून पडलं, जपानी पैलवानांवरून नव्हे.) १९८४ साली मारुती व्हॅन म्हणून आलेली आणि २०१९ पर्यंत निघत राहिलेली ओम्नीही त्याच कुळातली. तिचं इंजिन पुढच्या सीटखाली असलं तरी मागच्या चाकांपर्यंत लांब प्रोपेलर शाफ्ट जातो. कोल्हापूर जिल्ह्यात वर्षानुवर्षं वडाप, म्हणजे खासगी प्रवासी वाहतूक, केलेल्या बहुतेक गाड्या या प्रकारच्या आहेत. मारुती ८०० मात्र पुढच्या चाकांवर चालते. तिच्याखाली प्रोपेलर शोधत बसणारा माणूस दमेल, पण त्याला तो सापडणार नाही.

आता थोडं गणित, कारण निम्मं निदान त्यातच आहे. चाकाचा घेर दोन मीटर धरू. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १००० मीटर. म्हणजे चाक मिनिटाला ५०० फेरे घेतं, सेकंदाला आठ-एक. मागच्या डिफ्रन्शियलमध्ये फेऱ्यांचं प्रमाण चारास एक असेल तर त्याच वेळी प्रोपेलर शाफ्ट मिनिटाला २००० फेरे घेतो, सेकंदाला तेहतीसच्या आसपास. सेकंदाला आठ दणके माणसाला वेगवेगळे जाणवतात: धड-धड-धड-धड. सेकंदाला तेहतीस दणके वेगळे कळत नाहीत, त्यांची गुणगुण होते, पायाखाली मधमाश्या भरल्यासारखी. म्हणून डोलणं, धडधडणं, स्टेअरिंग डावी-उजवीकडे झुलणं हे चाकाच्या तालाचं. बारीक, सलग, फरशीतून येणारी थरथर ही शाफ्टच्या किंवा इंजिनाच्या तालाची. ओम्नीचं चाक लहान, त्यामुळे तिचे आकडे थोडे वर सरकतील, पण फरक तोच.

शाफ्ट की इंजिन, हे मात्र नुसत्या बुडाला कळत नाही. जुन्या चार गिअरच्या गाड्यांत टॉप गिअरला बहुधा इंजिन आणि शाफ्ट एकाच गतीने फिरतात, त्यामुळे दोघांचा ताल एकच. त्यांना वेगळं पाडायला गाडी थोडी चालवावी लागते.

त्यासाठी सपाट, रिकामा रस्ता, दिवसाचा उजेड आणि गाडीत दोन माणसं हवीत: एक फक्त चालवणारा, दुसरा फक्त ऐकणारा. थरथर कोणत्या वेगाला सुरू होते आणि कोणत्या वेगाला थांबते, ते दुसऱ्याने कागदावर लिहावं. समजा ती ५० ते ६० मध्ये येते. त्याच वेगाला टॉपमधून तिसऱ्यात यायचं. वेग तोच आहे, म्हणजे चाकं आणि शाफ्ट पूर्वीच्याच गतीने फिरताहेत, इंजिन मात्र जोरात फिरायला लागलं. थरथर बदलली तर संशय इंजिनाकडे, क्लचकडे. अजिबात बदलली नाही तर दुखणं गिअर बॉक्सच्या मागे आहे. मग त्याच वेगाला क्षणभर न्यूट्रल करून गाडी घरंगळू द्यायची, इंजिन चालूच ठेवून. किल्ली फिरवून इंजिन बंद करण्याचा शहाणपणा कुणी करू नये. ब्रेकचा बूस्टर जातो आणि किल्ली चुकून निघाली तर स्टेअरिंग लॉक होतं. घाटाच्या उतारावर न्यूट्रलचा प्रयोग तर कधीच नको. न्यूट्रलमध्येही थरथर राहिली तर चाकं, शाफ्ट आणि डिफ्रन्शियल यांच्यापैकी एक जण गुन्हेगार. गेली तर इंजिनाकडे, नाहीतर ओझं पडल्यावरच रडणाऱ्या एखाद्या सांध्याकडे बघायचं.

या ओझ्याची परीक्षा वेगळी घ्यावी लागते. एकाच वेगाला एकदा ॲक्सिलरेटर दाबून, एकदा पाय पूर्ण उचलून बघायचं. पाय दिल्यावर थरथरते आणि पाय काढल्यावर शांत होते, असं असेल तर मागच्या चाकांच्या गाडीत शाफ्टच्या टोकांचे सांधे म्हणजे क्रॉस, गिअर बॉक्सचं रबर किंवा स्प्रिंगवर सरकलेला ॲक्सल बघावा. ८०० सारख्या गाडीत हेच लक्षण बहुतेकदा पुढच्या चाकाकडे ताकद नेणाऱ्या शाफ्टच्या आतल्या सीव्ही जॉइंटचं असतं. स्टेअरिंग पूर्ण वळवून हळू फिरताना 'कट-कट-कट' वाजलं तर बाहेरचा जॉइंट. त्याचं रबरी बूट फाटलेलं असणार आणि चाकाच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालेलं दिसणार. पावसाळ्यात फाटलं बूट घेऊन चिखलातून फिरलेला जॉइंट वाचत नाही.

एका गोंधळाचा इथे उल्लेख करायलाच हवा. ८०० आणि ओम्नीचं इंजिन तीन सिलिंडरचं. त्यातला एक प्लग मेला तर गाडी अशी हादरते की मालक थेट क्रॉस आणायला निघतो. चढावर तर ती धक्के देत चालते. पण अशी गाडी जागेवर उभी असतानाही थरथरते, आणि प्रोपेलर तर उभ्या गाडीत फिरतच नाही. क्रॉसचे पैसे भरण्याआधी उभ्या गाडीत रेस देऊन बघावी. तेवढ्याने एक फुकटचा खर्च टळतो.

क्लच आणि ब्रेकचं लवकर आटोपतं. फक्त पहिल्या गिअरमध्ये किंवा रिव्हर्सला गाडी उचलतानाच थरथर, आणि पेडल पूर्ण सुटल्यावर सगळं शांत, तर तो क्लच. फक्त ब्रेक दाबल्यावर स्टेअरिंग किंवा पेडल थरथरत असेल तर ड्रम किंवा डिस्क. या दोघांपायी घाई करून शाफ्ट खोलण्याचं कारण नाही.

निदानाचा कागद तयार झाला की मग मेस्त्रीला फोन. 'गाडी व्हायब्रेट होतेय' एवढंच सांगितलं तर तिकडून 'घिऊन या' एवढंच उत्तर येतं. कागदावर नीट लिहिलेलं असेल तर संभाषण वेगळं होतं:

"किती स्पीडला सुरू हुत्या?"

"पंचावन्नला."

"न्यूट्रल केल्यावर ऱ्हात्या का जात्या?"

"राहते."

"स्टेअरिंगला लागत्या का बुडाला?"

"बुडाला. आणि गाडी उचलताना मागून टक् वाजतं."

"मग पुढं जाऊ नकासा मालक. थांबवा, खाली वाकून क्रॉस हलवून बघा."

तीन प्रश्नांत माणूस गाडीच्या ज्या भागापाशी पोचला, तिथे पोचायला एरवी तासभर गेला असता. फोनवर आवाज रेकॉर्ड करून पाठवायचा असेल तर तो चालत्या गाडीत, मागच्या सीटपाशी फरशीला फोन टेकवून करावा. खिडकीजवळ फक्त वाऱ्याचा आवाज जातो.

पण क्रॉसकडे जाण्याआधी पहिला संशय चाकावरच घ्यावा, कारण तिथली दुखणी स्वस्त असतात आणि पुष्कळदा रस्त्यावरच मिटतात. पाणंदीतून शेतापर्यंत जाऊन आलेल्या गाडीच्या रिममध्ये, आतल्या बाजूला, चिखलाचा गोळा बसतो. तो वाळतो आणि दुसऱ्या दिवशी हमरस्त्याला लागल्यावर गाडी आजारी पडते. पावशेर मातीही चाकाचा तोल बिघडवायला पुरते. काठीने खरवडून काढली की आजार संपला. परवाच पंक्चर काढली असेल तर नट ढिले असू शकतात. टॉमी लावून समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळावेत. नट बराच वेळ ढिले राहून रिमची भोकं लांबट झाली असतील तर मात्र ते चाक काढून स्टेपनी लावायची. टायरवरून तळहात फिरवून फुगवटा शोधावा, जपून, कारण फाटलेल्या टायरमधून तारा बाहेर आलेल्या असतात. फुगवटा सापडला तर तो टायर एक किलोमीटरही चालवू नये.

गाडी महिनोन्महिने एका जागी उभी असेल तर टायरचा जमिनीला टेकलेला भाग चपटा होतो आणि पहिले काही किलोमीटर गाडी धडधडते. कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला छत्रपतींची १९३० च्या दशकातली मेबॅक दसरा चौकात येते तेव्हा गर्दी तिच्याकडे डोळे भरून बघते. वर्षातून मोजक्या वेळा बाहेर निघणाऱ्या अशा गाड्या सांभाळणारी माणसं ती आधी थोडी हलवून, टायरात हवा भरून घेतात. शेडमध्ये उभ्या असलेल्या वडिलांच्या ॲम्बॅसॅडरलाही तोच नियम. टायर गरम झाल्यावर धडधड गेली तर काळजी नाही. राहिली तर टायर गेला.

चाकांनी साफ कानावर हात ठेवले, की मग गाडीखाली.

गाडी सपाट जागी, रस्त्यापासून चांगली आत. पुढच्या-मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड. हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रल, इंजिन बंद आणि किल्ली खाली वाकणाऱ्याच्या खिशात. सायलेन्सर निवायला अर्धा तास द्यावा. तोवर चहा होतो. गोणपाट अंथरून बाजूने आडवं व्हायचं आणि बॅटरीच्या उजेडात बघायचं. जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही. या नियमाला अपवाद नाही. माती ओली असेल तर जॅक कधी घसरेल ते सांगता येत नाही.

आधी नुसतं बघायचं, हात लावायचा नाही. शाफ्टला उसाचा पाला, सुतळी, प्लॅस्टिकचा कागद गुंडाळलेला आहे का? या भागात हे हटकून सापडतं. रस्त्यावर सांडलेल्या उसावरून गाडी जाते, पाला वर ओढला जातो आणि फिरत्या शाफ्टभोवती दोरखंडासारखा वळला जातो. शाफ्टवर पत्र्याचे छोटे चौकोनी तुकडे वेल्ड केलेले असतात. ती तोल साधायची वजनं. एखादं गळून पडलं असेल तर तिथे स्वच्छ चौकोनी डाग दिसतो. दगडाने शाफ्टला पोचा पडला असेल तोही दिसतो. पोचा पडलेला शाफ्ट ठोकून सरळ होत नाही.

मग दोन टोकांचे क्रॉस. क्रॉस म्हणजे अधिक चिन्हाच्या आकाराचा पोलादी तुकडा. त्याच्या चार टोकांवर चार वाट्या आणि वाट्यांत सुईसारखे बारीक रोलर. मागचा ॲक्सल खड्ड्यात खाली-वर होतो, शाफ्टचा कोन बदलत राहतो, तरी फिरणं थांबत नाही ते या क्रॉसमुळे. कल्पना जुनी आहे. सोळाव्या शतकात इटलीच्या जेरोलामो कार्दानोने अशा सांध्याबद्दल लिहिलं, सतराव्या शतकात इंग्लंडच्या रॉबर्ट हूकने तो अभ्यासला आणि १९०३ मध्ये अमेरिकेत क्लॅरेन्स स्पायसरने मोटारीसाठी त्याचं पेटंट घेतलं. पण या सांध्यात एक उपजत खोड आहे. तो वाकलेला असताना एका बाजूला एकसारखी गती दिली तरी दुसरी बाजू प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे धावते आणि दोनदा मागे रेंगाळते. वीस अंशांच्या कोनात हा फरक सहा टक्क्यांच्या घरात जातो. म्हणून शाफ्टच्या दोन टोकांना दोन क्रॉस लावतात, असे की एकाने केलेली चूक दुसरा फेडतो. ही जोडी जुळलेली असेल तरच गाडी शांत चालते.

मरणारा क्रॉस आधी पुरेशी सूचना देतो, तीही क्रमाने. ग्रीस वाळलं की हळू चालताना चिमणीच्या चिवचिवीसारखा आवाज येतो. गल्लीत भिंतीजवळून जाताना तो स्पष्ट ऐकू येतो. मग वाटीच्या कडेला गंजाची लाल भुकटी जमते, कुंकू सांडल्यासारखी. मग गिअर टाकून गाडी उचलताना किंवा रिव्हर्स घेताना 'टक्'. आणि शेवटी वेगातली थरथर. म्हणजे थरथर ही पहिली तक्रार नसते. आधीच्या तीन तक्रारींकडे दुर्लक्ष झालेलं असतं.

तपासायचं असं: एका हाताने शाफ्ट धरायचा, दुसऱ्याने क्रॉसच्या पलीकडचा फ्लँज, आणि दोन्ही हात उलट दिशांना पिळायचे. मग शाफ्ट खाली-वर दाबायचा. नजर क्रॉसच्या वाटीवर ठेवायची. शाफ्ट थोडासा फिरला आणि आत कुठेतरी बारीक 'टिक्' झालं तर ते डिफ्रन्शियलच्या दात्यांमधलं अंतर असतं आणि थोडं असायचंच. त्याला घाबरून पुष्कळांनी चांगले डिफ्रन्शियल उघडून घेतलेत. क्रॉस आणि वाटी यांच्यात, डोळ्यांना दिसेल इतकी हालचाल मात्र अजिबात चालत नाही. चारही वाट्या धरून ठेवणारी लॉकं जागेवर आहेत का, फ्लँजचे बोल्ट घट्ट आहेत का, हेही त्याच वेळी पाहावं. लांब गाड्यांत शाफ्टचे दोन तुकडे असतात आणि मध्ये रबरात बसवलेलं सेंटर बेअरिंग. ते रबर फाटलं तर गाडी उचलताना फरशीखाली कुणीतरी घण घातल्यासारखं वाटतं.

एक लक्षण खास आपल्याकडचं. गाडी रिकामी असताना गुणी आणि भरल्यावर थरथरणारी. आदमापूरला बाळूमामांच्या दर्शनाला अमावस्येला निघालेल्या ओम्नीत किती माणसं बसतात ते सांगायला नको. मागच्या पाट्याच्या स्प्रिंगा दबतात, ॲक्सलचा कोन बदलतो आणि दोन क्रॉसचं जमलेलं जुळणं मोडतं. चार माणसं उतरवून तेवढाच पट्टा पुन्हा चालवून बघावं. थरथर गेली तर क्रॉस नव्हे, स्प्रिंग तपासायच्या: पाटा तुटलाय का, यू-बोल्ट ढिले आहेत का, सेंटर बोल्ट तुटून ॲक्सल सरकलाय का. उतरलेल्या चार माणसांची सोय एसटी करते.

आता निर्णय. क्रॉस कोरडा आहे पण हलत नाही, आणि त्याला ग्रीस भरायचं निपल आहे, तर चारही वाट्यांतून ताजं ग्रीस डोकावेपर्यंत ग्रीस भरावं आणि तीस-चाळीसच्या वेगाने जवळच्या गावापर्यंत जावं. क्रॉस हलतोय, तर कोकण रद्द. घाट तर नाहीच. अगदी नाइलाज असेल तर माणसं उतरवून, चालण्यापेक्षा थोड्या जास्त वेगाने सुरक्षित जागेपर्यंत, त्यापुढे नाही. लॉक गळालंय, वाटी बाहेर आलीय, तर गाडी एक वीतही हलवू नये. कारण साधं आहे: मागचा क्रॉस तुटला तर शाफ्ट रस्त्यावर आपटत फरफटतो, पुढचा तुटला तर शाफ्टचं पुढचं टोक खाली पडून रस्त्यात रुतू शकतं आणि चालती गाडी त्या टोकावर उचलली जाते. मदतीसाठी फोन करायचा तो राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ ला, इतरत्र ११२ ला. गळिताच्या दिवसांत विनादिव्याच्या ट्रॉल्या धावतात, तेव्हा गाडीमागे झाडाची फांदी नव्हे, रिफ्लेक्टरचा त्रिकोण लावावा.

गाडी ओढून न्यायची तर शाफ्टचं मागचं टोक सोडून, तारेने वर पक्कं बांधून ठेवता येतं. ओम्नीसारख्या गाडीत शाफ्टचं पुढचं टोक गिअर बॉक्समध्ये नुसतं सरकवलेलं असतं. ते बाहेर ओढलं की गिअर ऑइल भळाभळा वाहतं, म्हणून ते जागेवरच राहू द्यावं आणि नंतर इंजिन चालू करून गिअर टाकू नये. फोर-व्हील जीपवाल्यांना एक जादा वाट असते: दोन्ही टोकांना बोल्टने जोडलेला मागचा शाफ्ट पूर्ण काढून, पुढच्या चाकांच्या जोरावर हळूहळू घर गाठता येतं. दोन्ही प्रकारांत एक धोका सारखाच आहे. शाफ्ट सुटला की गिअरात ठेवलेली गाडी थांबून राहत नाही, आणि काही जुन्या जीपमध्ये हँडब्रेकही चाकांवर नसून शाफ्टवर असतो. पहिला बोल्ट सोडण्याआधी चाकांना दगड लागलेले हवेत, नंतर नव्हे.

बोल्ट सोडण्याआधी आणखी एक काम: शाफ्ट आणि फ्लँज, दोन्हींवर मिळून एक आडवी खूण. तेलकट लोखंडावर खडू टिकत नाही. गाडीतल्या कुणाच्या पर्समधलं नेलपॉलिश उत्तम. मधोमध दाते असलेल्या, आत-बाहेर सरकणाऱ्या शाफ्टलाही दोन्ही बाजूंना खूण हवी. तो एक दाता जरी चुकून बसला तरी दोन क्रॉसची जोडी विस्कटते आणि आधी नव्हती अशी नवी थरथर सुरू होते. 'गॅरेजला नेल्यापासूनच हलाय लागल्या' या तक्रारीच्या मागे अनेकदा ही न केलेली खूण असते.

क्रॉस बदलणारा माणूस शोधायला मोटारीचंच गॅरेज हवं असं नाही, हे उसाच्या पट्ट्यातल्या प्रवाशाने लक्षात ठेवावं. ट्रॅक्टरमागच्या रोटाव्हेटरला ताकद देणाऱ्या शाफ्टला असेच क्रॉस असतात. ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या ज्याच्याकडे व्हाइस आणि हातोडा आहे, त्याने हे काम कितीदा तरी केलेलं असतं. माप वेगळं, हात तोच. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ नवऱ्याने बनवलेली तीनचाकी मोटार घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला गेली, तेव्हा जगात मोटार मेस्त्री हा प्राणीच नव्हता. वाटेत तिची चेन एका लोहाराने दुरुस्त केली आणि ब्रेकला चामडं चढवलं ते एका चांभाराने. फक्त क्रॉस आपल्या गाडीचा, आपल्या मापाचा हवा. तो लॉकांसकट डिकीत ठेवायची वस्तू आहे. सोबत छोटा ग्रीस पंप, मजबूत तार आणि लाकडाचे दोन ठोकळे.

ठोकून बसवताना एखादी सुई आडवी पडली की वाटी पूर्ण बसत नाही आणि लॉक खाचेत जात नाही. तेव्हा घण मोठा करायचा नसतो, वाटी काढून सुई उभी करायची असते. बसवल्यावर क्रॉस बोटांनी चारही बाजूंना सहज, पण किंचित दाटून वळला पाहिजे. शाफ्ट तुटलाच असेल तर गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात तो जोडून घेण्याचा मोह टाळावा. डोळ्यांनी सरळ दिसणारा शाफ्ट मिनिटाला २००० फेऱ्यांना सरळ असतोच असं नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर पोसलेले हात आहेत, तिथे शाफ्ट फिरवून वाकडेपणा मोजता येतो. तोल साधायला मात्र वेगळी मशीन लागते. टायरच्या दुकानातली त्याला चालत नाही.

आणि येत्या अमावस्येला आदमापूरला किंवा सुट्टीत फोंडामार्गे देवगडला निघणार असाल, तर आदल्या दिवशी उजेड असताना चाकांना दगड लावून एकदा खाली वाका आणि दोन्ही क्रॉस हाताने पिळून बघा. सायलेन्सर थंड असेल तर दहा मिनिटांचं काम आहे.